स्पोर्टी हॅचबॅक घेताय? ब्रोशर बाजूला ठेवा, दुसऱ्या गियरपासून सुरुवात करू

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे तो इथे लिहून काढलाय. बोलताना होणारं "म्हणजे... म्हणजे" कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त व्हॉइस नोट्स एकाच प्रश्नाच्या आल्या. "दादा, दहा-बारा लाखांचं बजेट आहे. पहिलीच गाडी आहे. मला खरंच ड्रायव्हिंग आवडतं. घरचे म्हणतात एसयूव्ही घे, मला छोटी आणि चपळ गाडी हवीय. काय करू?" हा प्रश्न माझाही होता, कारण मीसुद्धा सध्या याच शोधात होतो. शोरूमच्या फेऱ्या मारल्या, गाड्या चालवल्या, कागदावर हिशेब मांडला. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो, पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. आपल्या रस्त्यांवर ड्रायव्हिंगची मजा येते ती ताशी ३० ते ८० किलोमीटरच्या मधे. दुसरा, तिसरा आणि थोडा चौथा गियर. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापलेले आकडे बहुतेक या पट्ट्याच्या बाहेरचे असतात. त्यामुळे गाडी निवडताना विचारायचं ते हेच, की या पट्ट्यात ती कशी वागते?

ही भानगड सुरू कुठून झाली?

साधी, घरगुती, चार माणसं आणि डिकीत सामान मावेल अशी गाडी घ्यायची आणि तिला जरा दमदार इंजिन द्यायचं, ही कल्पना जगभर गाजवली फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने. १९७५ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये ती दाखवली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. कंपनीचा सुरुवातीचा अंदाज होता की साधारण ५,००० गाड्या खपतील. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आज तिची आठवी पिढी चालू आहे.

त्या पहिल्या जीटीआयचे आकडे बघा. १.६ लिटर इंजिन, ११० पीएस पॉवर, वजन साधारण ८१० किलो. ११० पीएस ऐकून आज कुणी वळून बघणार नाही. पण ८१० किलो म्हणजे आजच्या आपल्या स्विफ्टपेक्षाही शंभरेक किलो कमी. मजा त्या कमी वजनात होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे अशा गाड्या इतक्या कमी का?

याचं उत्तर इंजिनात कमी आणि टॅक्समध्ये जास्त आहे.

२००६ च्या बजेटपासून आपल्याकडे 'छोटी गाडी' म्हणजे काय हे ठरलेलं आहे. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. या चौकटीत बसलं तर टॅक्स कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, त्यातही हीच चौकट राहिली. आत असाल तर १८ टक्के, बाहेर गेलात तर थेट ४० टक्के.

आता कंपनीच्या जागी स्वतःला ठेवा. चार मीटरच्या आतल्या गाडीत १.४ किंवा १.६ लिटरचं मस्त इंजिन बसवलं, तर गाडी लहानच राहते पण टॅक्स मोठ्या गाडीचा लागतो. अबार्थ पुंटो आठवते? २०१५ मध्ये आली होती. १.४ लिटर टर्बो, १४५ पीएस, आणि तीही आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनलेली. लांबी चार मीटरच्या आत होती, पण इंजिन १२०० सीसीच्या वर. म्हणजे टॅक्सची सवलत गेली. ज्यांनी घेतली ते आजही तिच्याबद्दल भरभरून बोलतात, पण रस्त्यावर फार दिसली नाही.

म्हणून आपल्याकडे स्पोर्टी हॅचबॅक म्हटलं की उत्तर एकच राहतं. १.० किंवा १.२ लिटरचं छोटं इंजिन आणि त्याला टर्बो. चाकणला बनणारी पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली ती १.२ लिटर टर्बो आणि ७ स्पीड डीएसजी गिअरबॉक्स घेऊन. २०१७ मध्ये मारुतीची बलेनो आरएस आली, २०१८ मध्ये टाटाची टियागो जेटीपी. २०२१ मध्ये ह्युंदाईची आय२० एन लाइन आणि २०२४ मध्ये टाटाची अल्ट्रोझ रेसर.

यातल्या किती नावांपुढे 'बंद झाली' लिहावं लागतं ते बघा. पोलो २०२२ मध्ये गेली. बलेनो आरएस आणि टियागो जेटीपी २०२० मध्येच गेल्या. अबार्थ कंपनीसकट गेली. या गाड्या आवडणारे आपण पुष्कळ आहोत, पण शोरूममध्ये जाऊन चेक फाडणारे कमी. त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी ती गाडी मिळेलच असं नाही. याचा अर्थ घाईने बुकिंग करा असा नाही. पण शोरूममध्ये गेल्यावर सेल्समनला सरळ विचारा, हे मॉडेल सध्या बनतंय का, की उरलेला स्टॉक संपवताय? आणि बंद पडलं तर पार्ट्सचं काय? जिचं इंजिन कंपनीच्या दुसऱ्या गाड्यांमध्येही आहे, तिच्या पार्ट्सची चिंता कमी.

आणि खरीखुरी गोल्फ जीटीआय? २०२५ मध्ये ती अधिकृतपणे भारतात आली. २.० लिटर, २६५ पीएस, पूर्ण बनलेली आयात गाडी. आली तेव्हा किंमत एक्स-शोरूम ५३ लाख होती. पोस्टर भिंतीवर लावू, आणि पुढे जाऊ.

आकडे वाचायचे कसे?

दोन आकडे कायम समोर येतात, पॉवर आणि टॉर्क. सोपं करून सांगतो. पंक्चर झाल्यावर चाकाचा नट सोडवताना पान्यावर जो जोर देता, तो टॉर्क. तोच जोर ठेवून पाना किती भरभर फिरवता, ती पॉवर. टॉर्क म्हणजे गाडीची ओढ, आणि पॉवर म्हणजे ती ओढ वरच्या आरपीएमपर्यंत किती टिकते.

आता दोन गाड्या शेजारी ठेवू. २०२४ ची नवी स्विफ्ट, साधं म्हणजे बिनटर्बोचं १.२ लिटर इंजिन. ८२ पीएस आणि ११२ न्यूटन मीटर. आय२० एन लाइन, १.० लिटर टर्बो. १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर. पॉवरमधला फरक सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. स्विफ्टचा पूर्ण टॉर्क ४,३०० आरपीएमला मिळतो. एन लाइनचा १,५०० पासून ४,००० पर्यंत सगळीकडे मिळतो. म्हणजे घाटात ट्रकच्या मागून सुटताना एका गाडीत तुम्ही गियर खाली टाकून इंजिन ओरडवता, दुसरीत आहे त्याच गियरमध्ये पाय दाबता.

टर्बो करतो काय? एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक छोटी चक्की फिरते, ती दुसरी चक्की फिरवते आणि इंजिनात जास्त हवा कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ओढ. पण ती चक्की वेगात यायला क्षणभर लागतो. खालच्या आरपीएमवर पाय दाबला की आधी काहीच होत नाही, आणि मग एकदम गाडी पुढे झेपावते. यालाच टर्बो लॅग म्हणतात. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत चालवणाऱ्याला तो त्रास देतो, मोकळ्या रस्त्यावर विसरायला होतो.

आणि आता वजन. स्विफ्ट ९२० किलोच्या आसपास आहे. तिच्यात ओढ कमी आहे, पण वळताना, ब्रेक लावताना, दिशा बदलताना ती हलकी वाटते, आणि हा हलकेपणा कुठल्याच ब्रोशरमध्ये पीएससारखा छापत नाहीत. काही जणांना हीच मजा जास्त आवडते. त्यात चुकीचं काही नाही, पैसेही वाचतात.

घरचे जे विचारतात, "एवढ्या पैशात एसयूव्ही येते की", त्याचं उत्तरही इथेच आहे. उंच गाडीचं वजन जमिनीपासून वर असतं. वळणात ती जास्त कलते, आणि तो कल आवरायला सस्पेन्शन कडक करावं लागतं. बुटकी गाडी तेच वळण कमी धडपडीत घेते. पण प्रामाणिकपणे सांगा, तुमच्या घरापर्यंतचा रस्ता कसा आहे? पावसाळ्यात गावाला जायचा शेवटचा टप्पा खड्ड्यांचा असेल, किंवा आजीला खाली वाकून बसणं जमत नसेल, तर घरचे बरोबर आहेत. आपली हौस त्यांच्या कंबरेवर काढायची नाही.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

या प्रश्नावर कमेंटमध्ये भांडणं होतात. ड्युअल क्लच म्हणजे डीसीटी गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एक विषम गियर सांभाळतो, दुसरा सम. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच तयार बसलेला असतो, म्हणून गियर पापणी लवायच्या आत बदलतो. वेगाच्या बाबतीत माणसाचा हात त्याच्यापुढे हरतो.

पण तुमचं रोजचं जाणं-येणं हिंजवडी किंवा घोडबंदर रोडचं असेल तर एक गोष्ट समजून घ्या. छोट्या गाड्यांमधले डीसीटीचे क्लच बहुतेक कोरडे असतात, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. मुंगीच्या वेगाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते घासत राहतात आणि तापतात. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती आधी सोडा. पुढची गाडी थोडी दूर जाऊ द्या, मग एकदम सरका.

मॅन्युअलमध्ये वेग कमी, पण काम तुमचं. ब्रेक लावताना खालचा गियर नेमका टाकला, क्लच सोडला आणि गाडीला जराही झटका बसला नाही, हा आनंद ज्याला कळतो त्याला कळतो. शिवाय मॅन्युअल सहसा स्वस्त असते. आय२० एन लाइनमध्ये २०२३ च्या बदलानंतर पूर्ण ६ स्पीड मॅन्युअल मिळायला लागली, त्याआधी क्लच पेडल नसलेली आयएमटी होती. अल्ट्रोझ रेसर तर आलीच ६ स्पीड मॅन्युअल घेऊन.

टेस्ट ड्राइव्ह: इथेच खरा निकाल लागतो

एका शोरूममध्ये मला तीन किलोमीटरचा सरळ रस्ता दिला. शेजारी सेल्समन, त्याचं सनरूफवर भाषण, आणि दोन सिग्नल. यातून सनरूफ कळतं, गाडी कळत नाही. म्हणून फोनवरच सांगा, "मला अर्धा तास हवाय, आणि रस्ता मी सांगेन." नाही म्हणाले तर दुसऱ्या डीलरकडे जा. शहरात एकाच कंपनीचे दोन-तीन डीलर असतातच.

मग हे करून बघा.

एक, गाडी सुरू करायच्या आधी सीट आणि स्टीअरिंग नीट लावा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. तशी बैठक जमतच नसेल तर बाकी कितीही आवडली तरी दोन तासांनी पाठ बोलायला लागेल.

दोन, दुसऱ्या गियरमध्ये ३० वर या आणि मोकळा रस्ता बघून पाय दाबा. ओढ कधी सुरू होते? एकदम येते की चढत जाते?

तीन, ५० च्या वेगाने खराब रस्त्यावरून न्या. कडक सस्पेन्शन आणि धडधड करणारं सस्पेन्शन यात फरक असतो. चांगली स्पोर्टी गाडी खड्ड्यात एकदाच आपटते आणि शांत होते.

चार, एखादं मोठं वळण किंवा फ्लायओव्हरचा उतार घ्या. या सगळ्या गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह आहेत. पुढची चाकं ओढतातही आणि वळवतातही. वळणात जास्त पाय दाबला तर दोन्ही कामं एकदम जमत नाहीत आणि गाडी बाहेरच्या बाजूला सरकायला लागते. टेस्ट ड्राइव्हमध्ये तिथपर्यंत जायचं नाही. फक्त स्टीअरिंग हातात काही सांगतंय का, एवढं बघा.

पाच, मागे रस्ता रिकामा असेल तेव्हा, शेजारच्याला आधी सांगून, ६० वरून जोरात ब्रेक लावा. गाडी सरळ थांबते का?

आणि शक्य असेल तर संध्याकाळी जा. हेडलाइट रात्रीच कळतात.

पैशाचं बोलू

एक्स-शोरूम १० लाखांची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंत रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे १ लाख १० हजार तिथेच गेले. वर इन्शुरन्स, नोंदणी, फास्टॅग. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. तो डीलरकडूनच घ्या अशी सक्ती मात्र नाही. बाहेर कोटेशन काढा आणि मग डीलरशी बोला. पाऊस बघता 'इंजिन प्रोटेक्ट' हे कव्हर घ्या. साचलेल्या पाण्यात इंजिनात पाणी शिरलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा येत नाही.

आता हप्ता. ९ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज. पाच वर्षांसाठी हप्ता साधारण १८,७०० रुपये, एकूण व्याज सव्वादोन लाखांच्या आत. सात वर्षांसाठी हप्ता साधारण १४,५००, पण व्याज ३ लाख १५ हजारांच्या पुढे. सात वर्षांचा हप्ता हलका दिसतो. पण आपण पंचविशीत घेतलेली गाडी बत्तिशीपर्यंत फेडत बसतो, आणि मधल्या काळात नोकरी बदलते, लग्न होतं, आई-बाबांचं दुखणं निघतं. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या. पेट्रोल टाकताना जीव वर-खाली होणार असेल, तर स्पोर्टी गाडी पार्किंगमध्येच उभी राहते.

बजेटमधून थोडे पैसे टायरसाठी बाजूला ठेवा. इंजिन, ब्रेक, स्टीअरिंग काहीही असो, रस्त्याला टेकलेला असतो तो प्रत्येक टायरचा तळहाताएवढा भाग. डिलिव्हरीच्या आधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. २३२५ असेल तर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. गाडी कुठल्या महिन्यात बनली तेही विचारा आणि पैसे पूर्ण भरायच्या आधी दिवसाउजेडी ती बघून घ्या.

रीमॅप आणि मोठा एक्झॉस्ट हा विषय थोडक्यात. कंपनीची वॉरंटी जाते, क्लेमच्या वेळी विमा कंपनी प्रश्न विचारते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. आहे तशी गाडी आधी वर्षभर चालवा. बहुतेकदा ती आपल्यापेक्षा चांगलीच असते.

आणि वेगाचं काय?

हा भाग ऐकून कुणी ताम्हिणीत रविवारी सकाळी टाइम लावायला जाणार असेल, तर दोन मिनिटं थांबा.

ताशी १०० वर तुम्ही एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाता. समोर म्हैस दिसली आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, तर २८ मीटर नुसते विचारात गेले. त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ६० च्या तुलनेत १०० ला ते पावणेतीन पट होतं. घाटातल्या आंधळ्या वळणापलीकडे भुट्टेवाला आहे, सेल्फी काढणारं कुटुंब आहे, उलट्या बाजूने येणारी एसटी आहे. त्यांनी आपल्या हौसेला परवानगी दिलेली नाही.

खरंच गाडीची हद्द बघायची असेल तर ट्रॅकवर जा. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. वर्षातून एकदा मित्रांबरोबर ट्रॅक डेचा खर्च काढणं, हे मोठ्या अलॉय व्हीलपेक्षा कितीतरी जास्त शिकवतं. आणि रस्त्यावरची मजा हवी असेल तर पहाटे साडेपाचला निघा, वेगमर्यादेत रहा, आणि ब्रेक न लावता फक्त योग्य गियर निवडून घाट उतरता येतो का ते बघा. हा खेळ मी वर्षानुवर्षं जुन्या गाडीत खेळतोय, अजून कंटाळा आलेला नाही.

मग मी काय ठरवलं?

माझं रोजचं अंतर कमी, महिन्यातून दोनदा कोकणात जाणं, मागे बसणारे बहुतेक वेळा नाहीत. म्हणून मी छोटं टर्बो इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स निवडला. आय२० एन लाइन बुक केलीय. स्टीअरिंगचं वजन, चारही चाकांचे डिस्क ब्रेक आणि खराब रस्त्यावरचं वागणं मला पटलं. माझा एक मित्र त्याच बजेटमधून साध्या स्विफ्टकडे वळला आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि ट्रॅक डे करणार आहे. त्याचा हिशेब माझ्याइतकाच बरोबर आहे.

तुमचं उत्तर वेगळं असेल. रोजचा रस्ता कुठला, मागे कोण बसणार, पाच वर्षं हप्ता झेपेल का, एवढं आधी कागदावर लिहा आणि मगच शोरूमला जा.

तुमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये काय आवडलं, काय खटकलं, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात सेकंडहँड पोलो जीटी आणि अबार्थ घेताना काय तपासायचं ते बोलू, त्याचे प्रश्नही आत्ताच पाठवून ठेवा. तोपर्यंत सीटबेल्ट लावा, मागे बसणाऱ्यांनाही लावायला सांगा. भेटूच!